फेटलिंग शेडमधली धूळ, दोन एक्झॉस्ट फॅन लावून पण जाईना

मच्छेचा_फेटलर
नमस्कार मंडळी. बेळगावजवळ मच्छेला आमचं छोटं शेड आहे, उद्यमबागच्या फौंड्र्यांचं फेटलिंग, म्हणजे ओतीव कास्टिंगला चिकटलेली वाळू नि जादा लोखंड घासून काढायचं काम, जॉबवर करतो. दोन पेडेस्टल ग्राइंडर, चार हँड ग्राइंडर, आठ माणसं. धूळ लई होऊलीय म्हणून मागच्या वर्षी भिंतीत २४ इंची दोन एक्झॉस्ट फॅन बसवले, उन्हाळ्यात माणसं उकडून निघतात म्हणून पाठीमागं दोन स्टँड फॅन पण लावले, तरी संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया राखाडी. त्यात आमचे एक काका, पंधरा वर्षं हेच काम करूल्यात, चार महिने झाले खोकला थांबंना आणि जिना चढताना दम लागतोय. डस्ट कलेक्टरचं, म्हणजे धूळ ओढून गाळणाऱ्या मशिनचं, कोटेशन मागवलं तर आकडा बघून गप्प बसलो. अजून एक मोठा एक्झॉस्ट फॅन टाकला तर भागेल काय? मास्क दिल्यात, कापडाचे. काकांकडं बघून झोप लागत नाही, जाणकारांनी सांगा.

मेंटेनन्सवाला_उद्यमबाग
दादा, तिसरा फॅन टाकू नका, पैसे वाया जातील. भिंतीतला फॅन सगळ्या शेडची हवा हळूहळू ओढतो, म्हणजे चाकापासून निघालेली धूळ भिंतीपर्यंत जाताना वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नाकासमोरून जाते. आणि ते स्टँड फॅन तर आजच बंद करा किंवा तोंड फिरवा, ते धूळ उडवून दुसऱ्याच्या अंगावर घालूल्यात.

घरात एक प्रयोग करून बघा. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा, जमणार नाही. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली हवा चारी बाजूंनी येते. ५ इंची पाईपच्या तोंडाशी जो वेग असतो तो ५ इंच लांब गेलं की साधारण दहावा हिस्सा राहतो. म्हणून सक्शन धुळीच्या उगमाला चिकटूनच पाहिजे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली) कलम १४ हेच सांगत होतं, एक्झॉस्ट लावायचा तर धूळ जिथून निघते त्याच्या जितकं जवळ जमेल तितकं आणि ती जागा जमेल तितकी बंदिस्त करून.

आता तुमचं. पेडेस्टलच्या चाकाला गार्ड आहेच, तोच हुड, म्हणजे धूळ ओढून घेणारं झाकण, करायचा. पुढं काम करायला लागेल तेवढीच फट ठेवून बाकी पत्र्यानं बंद करा आणि ठिणग्या ज्या दिशेला जातात तिथंच खालून पाईप काढा. १२ इंची चाकाला हुड चांगला बंद असला तर ५०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा पुरते. पण पाईप ५ इंचीच घ्या. "मोठा पाईप म्हणजे जास्त ओढ" म्हणून इथं लोक सर्रास ८ इंची टाकतात. ५०० सीएफएमला ५ इंचीत हवा मिनिटाला साडेतीन हजार फुटांच्या वर धावते, ८ इंचीत जेमतेम चौदाशे, मग वाळू आणि लोखंडाची भुकटी पाईपच्या तळात बसते आणि सहा महिन्यांत पाईप अर्धा भरतो. मी स्वतः असला पाईप उतरवलाय, चौघांना उचलंना.

फॅन फिल्टरच्या आधी नाही, नंतर बसवा, म्हणजे पंखा झिजत नाही. बॅग फिल्टरच्या (कापडी पिशव्यांची गाळणी) आधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जड धूळ खाली पाडणारं नरसाळं, पाहिजेच, ठिणगी बॅगेत गेली तर जळते. आणि एक हात जोडून सांगतो, कधी ॲल्युमिनियमचा जॉब आला तर तो ह्या लाईनवर अजिबात घेऊ नका, ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाची ठिणगी एकत्र आली की स्फोट होऊ शकतो.

खानापूरची_लेक
मशिनचं दादांनी सांगितलं, मी काकांबद्दल सांगते. माझे बाबा बावीस वर्षं फौंड्रीत नॉकआउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग काढायच्या कामाला, होते. खोकला सुरू झाल्यावर टीबी समजून औषधं चालली, दीड वर्ष त्यात गेलं. डॉक्टरांना कुणी विचारलं नाही की माणूस काम कसलं करतोय, आणि आम्हीपण सांगितलं नाही. नंतर कळलं सिलिकोसिस. वाळूतली जी धूळ फुफ्फुसात खोल जाते ती डोळ्यांना दिसतच नाही, आत बसली की निघत नाही, त्यावर औषध नाही, आणि वर टीबी होण्याचा धोकापण वाढतो. काकांना उद्याच घेऊन जा, छातीचा एक्स-रे आणि फुंकायची ती स्पायरोमेट्री करा आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगा, पंधरा वर्षं फेटलिंग. ईएसआय (कामगार विमा) असेल तर कागद जपून ठेवा, सिलिकोसिस हा कामामुळं होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे, भरपाई मागता येते. तोपर्यंत त्यांना धुळीतून काढा, पगार न कापता दुसरं काम द्या ओ.

कापडी मास्कनं ही धूळ थांबत नाही. निदान एन-९५ द्या, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असली की कडेनं हवा जाते.

निपाणीकर
आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत चाळण चालते तिथं असाच प्रकार. धूळ वेगळी पण चूक तीच, पंखा भिंतीत आणि बायका मध्ये बसलेल्या. एका वखारीत चाळणीलाच पेटी करून वरून सक्शन घेतलं, तेव्हा कुठं ठसका कमी झाला.

मच्छेचा_फेटलर
सगळ्यांचे लई उपकार. काकांचा एक्स-रे झाला, मोठ्या डॉक्टरकडं पाठवलंय, त्यांना आता डिस्पॅचला बसवलंय, पगार तोच. एका पेडेस्टलला हुड स्वतःच पत्रा वाकवून केला. चालतंय का नाही कसं ओळखू? आणि हँड ग्राइंडरचं काय, तो तर सगळीकडं फिरतो.

मेंटेनन्सवाला_उद्यमबाग
रात्री लाईट बंद करून बघा. धुळीच्या पलीकडून जोरदार टॉर्च तुमच्याकडं रोखायला सांगा, थेट टॉर्चमध्ये बघू नका, कडेनं बघा, दिवसा न दिसणारी धूळ धुरासारखी दिसेल, ती हुडात वळते की माणसाच्या तोंडाकडं येते ते लगेच कळतं. चाक बंद असताना सक्शन चालू ठेवून फटीपाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. फिल्टरच्या आधी नि नंतर भोक पाडून पारदर्शक नळीचा यू करून पाणी भरा, नवीन बॅग असताना किती मिलिमीटर फरक आहे तो भिंतीवर लिहून ठेवा, फरक वाढत गेला म्हणजे बॅग चोक होऊलीय.

हँड ग्राइंडरला जाळीचं टेबल करा, खालून आणि मागून ओढणारं, तीन बाजू बंद. मोठं कास्टिंग असेल तर फिरत्या पाटावर ठेवा, म्हणजे माणूस एकाच जागी राहील नि कास्टिंग फिरेल. माणूस कधी धूळ आणि सक्शनच्या मध्ये येता कामा नये. आणि शेड झाडताना कॉम्प्रेसरची हवा मारणं बंद करा, पाणी शिंपडून मग झाडा. पुढच्या रविवारी मी मोकळा आहे, नळी घेऊन येतो, बसून बघू.