मदत हवी आहे: बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आईसाठी सोपी फेरी

नमस्कार मंडळी,

आईचं वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत. डॉक्टरांनी आता रोज चालायला सांगितलंय, पण चढ-उतार नको. ती बागेत गोल गोल फिरून कंटाळली आहे, तिला जंगलच हवं. २०१६ साली कारवी (आठ वर्षांतून एकदाच फुलणारं जंगली झुडूप) फुलली तेव्हा फांदी खाली ओढून फुलं निरखत अर्धा तास उभी होती. आठ वर्षांनी, २०२४ ला पुन्हा बहर आला तेव्हा गुडघ्याने घात केला. तेव्हापासून मला चुटपुट लागून राहिली आहे.

मागच्या रविवारी कान्हेरीच्या रस्त्याने गेलो. रस्ता चांगला, पण सरळसोट. जितकं जाल तितकंच परत या. येताना तिचा पाय सुजला.

मुख्य गेटपासून दहिसर नदीच्या काठाने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येता येईल, अशी तीनेक किलोमीटरची सपाट फेरी आहे का? गांधी टेकडीचा चढ टाळता येतो का? वाटेत टेकायला बाकं आणि स्वच्छतागृह कुठे आहे? माकडं पिशवीवर झडप घालतात, म्हणून काठी न्यावी की हात मोकळे ठेवावेत?

नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.