टाके भरले, पण त्रास जात नाही. नागपुरात कोणाला दाखवू?

नवीन आयडी काढून विचारते आहे, समजून घ्या. बाळ साडेचार महिन्यांचं. नॉर्मल डिलिव्हरी, पण खाली कट द्यावा लागला. बाळंतपण माहेरी वर्ध्याला झालं. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग. नागपूरला परत येऊन महिना झालाय.

संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच जळजळते, सोललेल्या जागी मीठ लागावं तसं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा थांबलो. नवऱ्याने कधी रेटलं नाही, पण आता तोच जवळ यायला बिचकतो, आणि त्याचंही मला लागतं. खरं सांगायचं तर इच्छाच होत नाही. दिवसभर बाळ अंगाला लागलेलं, रात्री कोणी हातही लावू नये वाटतं.

दीड महिन्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, "टाके छान भरलेत." शेजारी सासूबाई बसलेल्या. विचारणार काय, कप्पाळ!

मैत्रीण म्हणते खोबरेल लाव, कंडोमसोबतही चालतं. पाळी आलेली नाही, बाळ फक्त अंगावरच पितं, म्हणून दिवस राहत नाहीत म्हणे. खरं आहे का?

उत्तर १
खोबरेल आणि कंडोम एकत्र नको गं! तेलाने कंडोमचं रबर (लेटेक्स) कमजोर होऊन फाटतं. औषधाच्या दुकानात वॉटर बेस्ड जेल मिळतं, ते घे. पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्याने आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, पाळी जाताना बायकांना होतं तसंच. मला आठव्या महिन्यापर्यंत होतं, पाजणं कमी झालं तसं गेलं. इच्छेचंही बरंचसं तेच, वर झोपेचे हाल.

दिवस न राहण्याचं खरं आहे, पण तिन्ही अटी एकदम हव्या: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. वरचं सुरू केलं की भरवसा संपला. पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून पाळीची वाट पाहत बसू नको. तांबी वगैरेचं आत्ताच विचारून ठेव.

उत्तर २
टाक्याच्या एकाच जागी बोट लावल्यावर दुखतं का? तसं असेल तर तो नुसता कोरडेपणा नाही, व्रण तपासायला हवा. डागा (सरकारी स्त्री रुग्णालय) किंवा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) स्त्रीरोग ओपीडीत दाखवता येईल. कोरडेपणा जास्त असेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, मनाने आणू नको. आणि कोणी केगल (खालचे स्नायू आवळायचे व्यायाम) सांगितले म्हणून लगेच सुरू करू नको. स्नायू आवळलेले असतील तर आधी सैल सोडायला शिकावं लागतं, ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ताप, घाण वास किंवा जास्त रक्त जात असेल तर मात्र आजच जा.

धागाकर्ती
पाहिलं. उजव्या टोकाला एकाच ठिकाणी दुखतं. मंगळवारी जाते. बाळ सासूबाईंजवळ ठेवीन, म्हणजे त्यांना सोबत यायला कारणच नाही उरणार.