डोंगर आधी की नदी आधी?

डोंगर आधी उभा राहतो आणि नदी मग त्यातून सोपी वाट शोधते, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र हा क्रम उलटा आहे. गंगा आणि यमुना वाहतच होत्या, शिवालिकची रांग त्यांच्या वाटेत नंतर वर आली, आणि खडक जितका उचलला जाई तितके पात्र खोदत राहिल्यामुळे त्या रांग कापून मैदानात उतरल्या. लहान प्रवाहांना ते जमले नाही. आसन नदी रांगेच्या मागेच वायव्येकडे वळून यमुनेला मिळते, तर सुसवा आग्नेयेकडे जाऊन सोंग नदीवाटे गंगेला.

चर्चेत न आलेली एक गोष्ट सांगतो. सहारनपूरहून डेहराडूनला जाताना मोहंडच्या घाटात, डाटकाली देवळाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या कड्यात मुठीएवढे, काही तर नारळाएवढे, गुळगुळीत गोटे थराथरांत रुतलेले मी पाहिले. ते बहुतांशी क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे, म्हणजे मागच्या हिमालयातून घरंगळत आलेले आहेत. नदीने आडवे अंथरलेले ते थर आज ईशान्येकडे कललेले दिसतात. नदीचा जुना गाळच तिथे दाबाने उचलला जाऊन डोंगर झाला आहे. आम्हा सोलापूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीचा तो भूकंपही दाबामुळे खडक एकमेकांवर चढूनच झाला, परंतु आपल्याकडे असे क्वचित घडते. हिमालयात भारतीय भूपट्ट (भारत ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर पर्वताखाली सरकतो, त्यामुळे पावसाने रांग झिजत असतानाच खालून तिला नवी उंची मिळत राहते.