माफ केलं म्हणजे केस पण मागे घ्यायची का?

नगरी_पाव्हणा:
नमस्कार मंडळी. आम्ही नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. प्रश्न जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या. वडील आजारी असताना थोरल्या काकांनी सामाईक जमिनीच्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि सव्वा एकर आपल्या नावावर करून घेतलं. आम्ही दावा लावलाय, तारखा चालूच आहेत. वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले, जायच्या आधी मला म्हणाले, दादाला मी माफ केलंय, तू पण मनात ठेवू नको.

आता गुड फ्रायडेची १२ ते ३ ची उपासना, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन, पाळकांनी पहिलाच उद्गार घेतला 'हे बापा, त्यांना क्षमा कर', आणि समोर तिसऱ्या बाकावर काका डोळे मिटून बसलेले. माझं डोकं असं काही फिरलं की पुढचे सहा उद्गार ऐकूच आले नाहीत. माफ करायचं म्हणजे नक्की काय करायचं? केस सोडायची? आणि एकदा केलं तरी राग परत परत येतो त्याचं काय? आई म्हणते सोड, बायको म्हणते सोडलीस तर बघ.

रविवारचा_वाचक:
पाळक नाही हां मी, नुसता वाचणारा आहे. पण प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो बघ, 'ऋणे सोड'. बायबलमध्ये मत्तयाने तिथे हिशोबाचा शब्द वापरलाय. मग मत्तयाच्याच १८ व्या अध्यायात तो दाखला, राजाचा चाकर १०,००० टॅलंट देणं लागत होता. एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. करा गुणाकार, ६ कोटी दिवस! कोणाच्या बापाला फिटणार नाही, तेवढं राजाने सोडलं. आणि हाच गडी बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

आपल्याकडे प्रवचनात ते १०० दिनार म्हणजे चिल्लर असल्यासारखं सांगतात, मला ते पटत नाही. १०० दिवसांची मजुरी गेली तर गरिबाच्या घरात चूल पेटत नाही. म्हणजे तुझं नुकसान झालं हे येशूने खोटं पाडलेलं नाहीये, सव्वा एकर ते सव्वा एकरच.

वसईची_मावशी:
अरे बाळा, सिस्टर राणी मारियाचं ऐकलंयस का? केरळची नन, क्लारिस्ट फ्रान्सिस्कन मेळ्यातली. इंदूरकडे उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करायची, त्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायची, म्हणून तिथल्या बड्या लोकांच्या डोळ्यात सलली. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या माणसाने सुरीने पन्नासच्या आसपास वार करून मारलं तिला. तिची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, ती पण नन, तिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्याच माणसाला राखी बांधली. तो २००६ ला सुटला, पुढे केरळात त्यांच्या घरी गेला तर आईने त्याचे हात हातात घेतले, ज्या हातांनी पोरीला मारलं तेच. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूरला राणी मारियाला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

पण एक सांगते, खून १९९५ चा आणि राखी २००२ ची. मधली सात वर्षं कुणी मोजत नाही.

कट्ट्यावरचा_नास्तिक:
मावशी, गोष्ट अंगावर येते, खरंच. पण मला नेहमी प्रश्न पडतो की मन मोठं करायचं ते लुटलं गेलेल्यानेच का? काकांना कोणी सांगत नाही की बाबा जमीन परत कर. असं माफ करत बसलात तर लुटणाऱ्याची चैनच की.

वसईची_मावशी:
बरोबर बोललास रे, आमच्याकडे पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हेच ऐकवतात, माफ कर, संसार सांभाळ. ते पाप आहे असं मी तोंडावर सांगते. आणि त्या जकातदार जक्कयचं विसरलात का? बायबलमध्ये लूकचा १९ वा अध्याय, त्याने स्वतःच उठून सांगितलं की ज्याचं अन्यायाने घेतलंय त्याला चौपट परत देतो. काकांनी तो अध्याय वाचावा.

रविवारचा_वाचक:
केसबद्दल ग्लॅडिस स्टेन्स बघ. जानेवारी १९९९, ओडिशात मनोहरपूर, मिशनरी नवरा ग्रॅहम आणि दोन मुलं, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळले. ती बाई म्हणाली मी माफ केलंय, पण शिक्षा हा कायद्याचा विषय आहे, दोन्हींची गल्लत करू नका. खटला चालला, मुख्य आरोपी दारा सिंगला आधी फाशी, मग हायकोर्टात जन्मठेप, २०११ ला सुप्रीम कोर्टाने जन्मठेपच कायम ठेवली. आणि ग्लॅडिस त्या घटनेनंतर पाच वर्षं बारीपदातच, ग्रॅहम काम करायचा त्याच कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, मुलीला घेऊन. मला ते पाच वर्षांचं राहणं त्या वाक्यापेक्षा मोठं वाटतं. टीव्हीसमोर एकदा बोलता येतं, पण रोज उठून त्याच गावात बाजार करायचा…

राग परत येतो म्हणतोस ना, माझी आजी म्हणायची, येशूने साताच्या सत्तर वेळा माफ कर सांगितलंय ते ४९० वेगवेगळ्या चुकांसाठी नाहीये, एकच चूक ४९० वेळा आठवते म्हणून आहे. शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, पण आजीने जावेसोबत एका चुलीवर चाळीस वर्षं काढली होती, तिला विचारायची माझी तरी हिंमत नव्हती.

नगरी_पाव्हणा:
आजींचं बायकोला वाचून दाखवलं, हसली आणि म्हणाली ४९० ची वही घाल.

केस सोडत नाहीये, वकिलांना आजच सांगितलं. पण एक गोष्ट लिहायची राहिली होती, वडिलांच्या मातीला काका आले होते आणि मी त्यांना खांदा देऊ दिला नव्हता. दाव्याचं कोर्ट बघेल पण हे माझ्याकडचं देणं निघालं की. पुढची तारीख १४ ला आहे, कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर ते दरवेळी एकटेच बसलेले असतात.

वसईची_मावशी:
चहाचे पैसे तू दे हो.