लाकडी बॅटचे आकडे किती मनावर घ्यायचे? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या जुलैतल्या एमएलबी ड्राफ्टसाठी (अमेरिकेतले व्यावसायिक बेसबॉल संघ नवे खेळाडू निवडतात तो) कॉलेजच्या फलंदाजांची माझी यादी आत्तापासूनच करतोय. निव्वळ हौस, पैजबिज नाही. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा असला तरी मला पहिल्या दोन फेऱ्यांपुरतीच नावं हवी आहेत.

घोडं अडलंय एका शॉर्टस्टॉपपाशी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). कॉलेजच्या मोसमात, म्हणजे धातूच्या बॅटने, सरासरी .३४०. उन्हाळ्यात केप कॉड लीगमध्ये (कॉलेज खेळाडूंची उन्हाळी लीग) लाकडी बॅट हातात आली आणि साधारण ९० अ‍ॅट-बॅट्समध्ये, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्यांमध्ये, .२१०! स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) जवळजवळ दुप्पट. याच लीगमधल्या एका संघाच्या गावी, वेअरहॅमला, दोनदा जाऊन पाहिला. अंगावर येणारा चेंडू मुठीजवळ लागला, बॅटचे दोन तुकडे झाले आणि चेंडू टुणटुणत पिचरच्या हातात. पण पळाला मात्र जबरदस्त. माझ्या स्टॉपवॉचवर फर्स्ट बेसपर्यंत ४.२ सेकंद, तेही उजव्या हाताने खेळून, म्हणजे फर्स्ट बेसपासून जरा लांबून निघून.

दोन्ही मोसमांचे वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) आणि स्ट्राइकआउट एक्सेलमध्ये मांडून झाले, फुकटचे व्हिडिओही पाहिले. दुखापत नव्हती. कॉलेजच्या मोसमानंतरचा थकवा असेल, पण तो सगळ्यांनाच असतो. यंदा तिसरं वर्ष, त्यामुळे ड्राफ्टला पात्र आहे. पैसे भरून मिळणारा डेटा माझ्याकडे नाही आणि बॉस्टनहून शनिवार-रविवारीच सामने बघायला जमतं.

तर, एवढ्या कमी अ‍ॅट-बॅट्सवरून त्याला खाली ढकलावं का? आणि वसंतात मोसम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात नेमकं काय पाहिलं, तर अडचण बॅटची होती की नजरेची, हे कळेल?