पंप लावला की दुखतं, दूधही कमी येतं

प्रश्न: अंगावरचं दूध काढायच्या इलेक्ट्रिक पंपाने २० मिनिटांत जेमतेम ३० मिली दूध निघतं. ओढ वाढवली तरी तेवढंच, वर स्तनाग्रं दुखतात. काय चुकतंय?

उत्तर १: आधी फनेलचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचं, माप बघा. स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मोजा, त्यात १ ते ३ मिमी मिळवा. पंपासोबत येणारं २४ मिमीचं फनेल बऱ्याच जणींना मोठं होतं. मग भोवतीची काळी त्वचाही आत ओढली जाते आणि दुखतं. ओढ वाढवून दूध वाढत नाही, उलट दुखण्याने पान्हा अडतो. सुरुवातीला २ मिनिटं हलकी, जलद लय ठेवा. दूध वाहू लागलं की संथ लय आणि सोसेल तेवढीच ओढ.

उत्तर २: माप बरोबर असेल तर व्हॉल्व्ह तपासा! त्या छोट्या सिलिकॉनच्या तुकड्याला चीर गेली की ओढच कमी होते. घासताना त्यात ब्रश खुपसू नका. आणि बाळाला पाजून लगेच पंप लावला असेल, तर ३० मिली अजिबात कमी नाही.

उत्तर ३: काढलेल्या दुधाची साठवण: खोलीत (२५ अंशांपर्यंत) ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. दारात नको, आत मागे ठेवा.