टीएसएच ८.२, फ्री टीफोर नॉर्मल. गोळी सुरू करावी का?

भांडुपची_चिमणी:
नमस्कार. वय ३९, राहते भांडुपला, नोकरी फोर्टात. चार महिने अंगात त्राण नाही. सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटतात. कंगव्यात केसांचा पुंजका, पोट साफ नाही, बोटं इतकी सुजतात की अंगठी निघत नाही. परवा थायरॉइडचा रिपोर्ट आला. टीएसएच ८.२ (लॅबची मर्यादा ०.४ ते ४.५), फ्री टीफोर १.१, म्हणजे मर्यादेत. ८.२ च्या पुढचा ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) बघूनच पोटात गोळा आला. आईलाही थायरॉइड आहे. आणखी तपासण्यांसाठी १५०० रुपयांच्या वर जमणार नाही. काय करू?

ठाण्याची_मावशी:
मी चार हजारांचं फुल बॉडी पॅकेज केलं, माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. डी आणि बी१२ दोन्ही तळाला निघालं. तेच कर, थकवा त्याचाच असतो.

गिरगावकर७१:
८.२ म्हणजे काहीच नाही. आमच्या मिसेसचा ६४ होता! गोळी एकदा लागली की जन्माची. कोबी-फ्लॉवर बंद करा, सैंधव खा.

दादर_पश्चिम:
काका, सैंधव कशाला? पाकिटातल्या साध्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, सैंधवात सहसा नसतं. आणि शिजवलेला कोबी बेताने खाल्ला तर काही बिघडत नाही.

गिरगावकर७१:
आमच्याकडे २० वर्षं सैंधवच आहे.

परळची_लॅबवाली:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं आहे, म्हणून लिहिते. टीएसएच मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं. थायरॉइड मंदावली की पिट्यूटरी तिला जास्त जोराने हाका मारते, आकडा चढतो. तुमचं टीफोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, अजून मर्यादेत आहे, याला सबक्लिनिकल म्हणतात. आजारपणानंतरही आकडा तात्पुरता चढतो, काहींचा आपोआप उतरतो. म्हणून एका रिपोर्टवर निर्णय नको. दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी टीएसएच आणि टीफोर परत करा, सोबत एकदा अँटी-टीपीओ. ते वाढलेलं असलं तर शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठलंय असं समजतात. टीएसएच दहाच्या वर गेला तर डॉक्टर सहसा गोळी देतातच. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेता का? तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा.

मुलुंड_आई:
बायोटिन! माझा रिपोर्ट त्यानेच चुकला होता. चिमणी, तुला थायरॉइड नाहीच.

परळची_लॅबवाली:
ताई, बऱ्याच मशीनवर बायोटिनने टीएसएच खोटा कमी दिसतो, जास्त नाही. ८.२ त्याच्यावर ढकलता येणार नाही.

मुलुंड_आई:
हो, माझा ०.०५ आला होता. थायरॉइड जास्त म्हणून सांगितलं, घरात रडारड झाली होती.

ठाण्याची_मावशी:
म्हणूनच सांगते, पॅकेज कर. सध्या सवलत आहे.

भांडुपची_चिमणी:
मावशी, १५०० च आहेत हो. बायोटिन दोन महिने घेतेय. हल्ली पाळीतही खूप जातं.

कुर्ल्याची_सिस्टर:
अगं, हे आधी सांगायचं ना! हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आत्ताच कर. लोह कमी असलं तरी केस गळतात, दम लागतो. आणि थायरॉइड मंद असली की पाळीत जास्त जाऊ शकतं, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतं. मूल हवं असेल तर मात्र दोन महिने थांबू नकोस, गरोदरपणाच्या मर्यादा वेगळ्या असतात.

गिरगावकर७१:
डॉक्टर गोळी देणारच. घेऊ नका.

मुलुंड_आई:
मीही तेच म्हणते. दहाच्या आत आहे, थांब.

भांडुपची_चिमणी (नऊ आठवड्यांनी):
सिस्टर, तुमचे उपकार. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ७ निघालं. लोहाची गोळी तेव्हाच सुरू झाली. परवा बायोटिन बंद ठेवून त्याच लॅबमध्ये परत केलं. टीएसएच ९.४, टीफोर ठीक, अँटी-टीपीओ मर्यादेच्या कितीतरी वर. डॉक्टर म्हणाल्या, अजून थांबलं तरी चालेल, पण त्रास आहे, आईलाही आहे, तर थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी देऊन बघू. तुमच्यातल्या काहींनी नको म्हटलं होतं, तरी मी हो म्हटलं. पहाटे साडेपाचला नुसत्या पाण्याबरोबर घेते, चहा सव्वासहाला. लोहाची गोळी रात्री, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं म्हणून. सहा-आठ आठवड्यांनी परत टीएसएच. केस अजून जातातच. अंगठी मात्र काल साबण न लावता निघाली.

ठाण्याची_मावशी:
बी१२ केलंस का?

भांडुपची_चिमणी:
नाही मावशी, पुढच्या पगाराला.